पुसलेली तार पुढच्या फ्रेमला परत येते तेव्हा: रोटोपेंटच्या तपासण्या, सोप्यापासून अवघडापर्यंत

एका फ्रेमवर तार पुसली. स्वच्छ दिसलं. बाणाची कळ दाबून पुढच्या फ्रेमवर गेलं की तार जागच्या जागी. साताऱ्यात आमच्या खोलीवर रोटो (चित्रातल्या वस्तूभोवती आकार आखून ती वेगळी काढणं) आणि पेंटचं (नको ते ब्रशने पुसणं) काम करणारी चार मुलं बसतात. "ताई, पुसलेलं परत आलं की ओ" ही हाक मला महिन्यातून दोनतीनदा तरी ऐकू येते. बिघाड दर वेळी त्याच पाचसात जागी सापडतो. मुलं मात्र पहिल्यांदा स्ट्रोक (ब्रशने ओढलेल्या रेघा) उडवतात आणि सगळं नव्याने पेंट करायला बसतात. त्यात अख्खी दुपार जाते आणि संध्याकाळी तीच चूक पुन्हा समोर येते. म्हणून तपासण्याचा क्रम एकदाचा लिहून ठेवते आहे.

उदाहरणं न्यूक या सॉफ्टवेअरच्या रोटोपेंट नोडची आहेत, आमचं काम त्यावरच चालतं. (नोड म्हणजे एकेका कामाचा डबा; ते तारांनी एकमेकांना जोडायचे.) शॉट आपल्याकडचेच धरले आहेत. वाई-मेणवलीला चित्रीकरण कायम चालू असतं. शिवकाळ किंवा पेशवाई दाखवायची म्हटलं की घाटावरची विजेची तार, चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्या, अजिंक्यताऱ्यावरचा टीव्हीचा मनोरा हे सगळं कुणीतरी बसून पुसावंच लागतं.

आधी लक्षणं

पेनला हात लावण्याआधी शॉट दोनतीनदा नुसता चालवून बघा आणि यातलं नेमकं काय होतंय ते ठरवा.

पेंट एकाच फ्रेमवर आहे, आधी नाही आणि नंतरही नाही. हे सगळ्यात जास्त वेळा होतं.

ब्रश फिरवला तरी काही उमटत नाही, किंवा काळं उमटतं.

काल बरोबर होतं, आज सगळा पेंट काही फ्रेम पुढे किंवा मागे गेलाय.

पेंट सगळ्या फ्रेमवर आहे, पण डोंगरावरून घसरतोय.

पॅच (पुसलेल्या जागी बसवलेला तुकडा) जागेवर आहे, पण दुधाला उकळी आल्यासारखा खदखदतो.

पॅच जागेवर आहे, हलत नाही, तरी डोळा तिथेच जातो.

पहिली तीन लक्षणं असतील तर दहा मिनिटांत सुटाल. चौथ्याला अर्धा तास धरा. शेवटच्या दोन्हींमध्ये खरं काम आहे.

व्ह्यूअर कुठल्या नोडला लावलाय?

हे विचारलं की मुलांना राग येतो, तरी मी विचारतेच. रोटोपेंट नोड निवडा आणि १ ची कळ दाबा. आता व्ह्यूअर, म्हणजे चित्र बघायची खिडकी, त्याच नोडला जोडला गेला. पुष्कळदा तो वरच्या रीड नोडलाच (मूळ चित्र वाचणाऱ्या) राहिलेला असतो, म्हणजे तुम्ही पेंट करताय एकीकडे आणि बघताय दुसरीकडे. नंतर नोड निवडून डी दोनदा दाबा. एकदा नोड बंद होतो, दुसऱ्यांदा चालू. चित्रात काही बदललं तर पेंट आहे. काहीच बदललं नाही तर त्या फ्रेमवर पेंटच नाही, हे कळलं. पुढच्या प्रत्येक तपासणीला हे माहीत असणं लागतं, म्हणून ही तपासणी पहिली.

स्ट्रोकच्या रेषा आणि बिंदू दिसत नसतील तर नोडची प्रॉपर्टीज खिडकी उघडी आहे का बघा. ती मिटली की व्ह्यूअरमधली पेंटची हत्यारंही जातात. खिडकी उघडी असून रेषा दिसत नसतील तर व्ह्यूअरवर क्यू दाबा. चुकून दाबली गेलेली ही कळ ओव्हरले, म्हणजे चित्रावरच्या त्या रेषा, लपवते.

स्ट्रोकचं आयुष्य

रोटोपेंटमधल्या प्रत्येक स्ट्रोकला स्वतःचं आयुष्य असतं. ब्रशने काढलेला स्ट्रोक मुळात एकाच फ्रेमपुरता असतो, तर त्याच नोडमध्ये काढलेला रोटोचा आकार सगळ्या फ्रेमवर राहतो. शिकणारा आधी रोटो शिकतो, आकार शॉटभर राहतो हे त्याच्या डोक्यात बसतं आणि स्ट्रोकही तसाच राहील असं तो धरून चालतो. घोळ इथे सुरू होतो.

स्ट्रोकच्या यादीत आयुष्याचा रकाना आहे. तिथे एकच फ्रेम क्रमांक लिहिलेला दिसला तर रोग सापडला. यादीतले हवे ते स्ट्रोक निवडा, लाइफटाइमच्या पानावर जा आणि सगळ्या फ्रेम, इथून शेवटपर्यंत, सुरुवातीपासून इथपर्यंत किंवा ठराविक पल्ला यातलं जे हवं ते लावा. नवे स्ट्रोक काढण्याआधी व्ह्यूअरच्या वरच्या पट्टीवरच ही निवड करून टाकली तर नंतर दुरुस्ती लागत नाही.

पण थांबा. सगळ्यांना सरसकट 'सगळ्या फ्रेम' लावू नका. धूळ, ओरखडा, एखाद्या फ्रेमवर आलेला किडा, यांचा स्ट्रोक एकाच फ्रेमचा असणं बरोबर आहे. तो शॉटभर पसरवलात तर जिथे धूळ नव्हती तिथे ठिपका उमटेल. आणि कॅमेरा हलत असेल तर शॉटभराचा स्ट्रोक पडद्यावर एकाच जागी खिळून राहील, डोंगर त्याच्याखालून निघून जाईल. त्याचा इलाज पुढे आहे.

फ्यूजन या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो. तिथल्या पेंट नोडमधला मल्टीस्ट्रोक मुळात एका फ्रेमपुरता असतो आणि साधा स्ट्रोक शॉटभर राहतो. डाव्हिंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत फ्यूजन मिळतं, त्यामुळे घरी शिकणारी बरीच मुलं तिथूनच सुरुवात करतात. त्यांनी पेंट करण्याआधी वरच्या पट्टीवर कुठला प्रकार निवडलाय तेवढं पाहावं.

काही उमटत नाही, काळं उमटतं, पुसलेलं ब्रशखाली परत येतं

तिन्हींचं मूळ बहुतेक वेळा सोर्समध्ये असतं. क्लोन आणि रिव्हील हे ब्रश रंग लावत नाहीत, दुसरीकडचं चित्र उचलून आणतात. ते कुठून उचलायचं हे तुम्ही सांगायचं असतं. रिव्हीलला बीजी१ (नोडला जोडायचं दुसरं चित्र) सांगितलंय आणि रोटोपेंटची बीजी१ ची तार मोकळीच लोंबतेय, तर आणणार काय? नोडच्या तारा बोट ठेवून मोजा.

क्लोनमध्ये फोरग्राउंड सोर्स असेल तर आधी केलेले स्ट्रोक धरून चित्र उचललं जातं. बॅकग्राउंड असेल तर मूळ प्लेट, म्हणजे चित्रीकरणातून आलेलं चित्र, उचलली जाते. तुम्ही तार पुसलेल्या आकाशातून क्लोन करताय असं समजत असता, पण सोर्स बॅकग्राउंडवर राहिलाय म्हणून तारेसकट मूळ आकाश येतं. हा दोष फार फसवा आहे, कारण पहिले दोनचार स्ट्रोक बरोबरच पडतात.

याच वेळी ऑपॅसिटी (स्ट्रोक किती दाट), आणि पेनच्या दाबाची बटणं बघून घ्या. दाबाने ऑपॅसिटी बदलते असं लावलं असेल आणि टॅब्लेटचा दाबच मशीनपर्यंत पोचत नसेल, तर स्ट्रोक अगदी फिका पडू शकतो. दाबाचं बटण बंद करून माउसने एक रेघ ओढा. ती नीट उमटली तर दोष पेनच्या ड्रायव्हरमध्ये आहे, तुमच्या नोडमध्ये नाही.

फ्रेम क्रमांक सरकलेत का?

हे आमच्यावर खरंच बेतलेलं आहे. शॉट १००१ पासून सुरू होत होता, पेंट पूर्ण झाला होता. मग काम देणाऱ्यांकडून नवी प्लेट आली. सुरुवातीला आठ फ्रेमचं हँडल (जादा फ्रेम) वाढवलेलं होतं, पण क्रमांक पुन्हा १००१ पासूनच घातले होते. चित्र आठ फ्रेम पुढे सरकलं आणि स्ट्रोक जुन्याच क्रमांकांना चिकटून राहिले. आमच्या मुलाने निम्मा शॉट पुन्हा पेंट केला तेव्हा कुठे ते लक्षात आलं.

स्ट्रोक चित्राला ओळखत नाही, फक्त फ्रेमचा क्रमांक ओळखतो. म्हणून नवी प्लेट आली की पहिल्या आणि शेवटच्या फ्रेमवरचं चित्र जुन्या प्लेटशी ताडून बघायचं. फरक सापडला तर रीड नोडखाली टाइमऑफसेट (फ्रेम पुढे-मागे सरकवणारा नोड) लावून प्लेट जुन्या जागी आणा, पेंट होऊ द्या आणि पेंटच्या खाली उलट्या आकड्याचा दुसरा टाइमऑफसेट लावा. दोन नोडमध्ये काम होतं. एकही स्ट्रोक हलवावा लागत नाही.

फ्रेमहोल्ड वर की खाली

कॅमेरा हलणाऱ्या शॉटमध्ये आम्ही फ्रेम-फ्रेम पुसत बसत नाही. एक चांगली फ्रेम निवडतो, फ्रेमहोल्डने गोठवतो, तिच्यावर एकदाच पेंट करतो, लागतो तेवढा तुकडा रोटोने कापून घेतो आणि ट्रॅकच्या (चित्रातला बिंदू कसा हलतो याच्या नोंदीच्या) मदतीने परत मूळ प्लेटवर चिकटवतो. पद्धत चोख आहे. बिघडते ती नोडच्या क्रमाने.

फ्रेमहोल्ड १०४० वर आहे असं धरा. त्याच्या वर जे जे नोड आहेत त्यांना तो कायम १०४० चीच फ्रेम मागतो. रोटोपेंट वर असेल आणि तुम्ही टाइमलाइनवर १०२५ ला उभे राहून एका फ्रेमचा स्ट्रोक काढला, तर तो खाली कधीच येणार नाही, कारण १०२५ कुणी मागतच नाही. रोटोपेंट खाली असेल तर उलटं होतं: चित्र गोठलेलं, पण स्ट्रोक १०२५ वर चमकतो आणि १०२६ ला गायब.

दोन्ही क्रम चालतात, पण एका खोलीत एकच ठेवा. आमच्याकडे नियम आहे: फ्रेमहोल्ड वर, रोटोपेंट खाली, आणि स्ट्रोक सगळ्या फ्रेमचे. मग टाइमलाइनवर कुठेही उभं राहून पेंट केला तरी चालतं, आणि दुसऱ्याची स्क्रिप्ट उघडणाऱ्याला कोडं पडत नाही.

पॅच घसरतोय

इथून पुढच्या तपासण्यांना वेळ लागतो, म्हणून वरच्या सगळ्या झाल्याशिवाय इथे येऊ नका.

ट्रॅकरला एक रेफरन्स फ्रेम असते. त्या फ्रेमवर हलवाहलव शून्य, तिच्या मानाने बाकीच्या फ्रेमवर सरकणं. फ्रेमहोल्ड १०४० वर आणि रेफरन्स १००१ वर राहिला, तर पॅच शॉटभर चुकीच्या जागी बसतो. हे तपासायला ट्रॅक पुन्हा करावा लागत नाही. १०४० वर जा आणि मॅचमूव्हच्या (पॅचला प्लेटसारखं हलवणाऱ्या) ट्रान्सफॉर्ममधला ट्रान्सलेट, म्हणजे सरकवणं, बघा. दोन्ही आकडे शून्य हवेत, फिरवणं शून्य आणि स्केल १ हवं. नसेल तर रेफरन्स फ्रेम बदला, झालं. घसरणाऱ्या पॅचच्या तक्रारींतली मोठी संख्या याच एका आकड्याने मिटते, तरी मुलं आधी नवा ट्रॅक करायला घेतात.

आकडे बरोबर असूनही घसरत असेल तर तुम्ही कशाचा ट्रॅक घेतलाय ते बघा. पवनचक्की मागच्या कड्यावर आहे आणि ट्रॅकचा बिंदू पुढच्या बाभळीवर. कॅमेरा आडवा सरकला की बाभूळ झपकन पळते, कडा सावकाश. कड्यावरच्या पॅचसाठी कड्यावरचाच बिंदू लागतो. पवनचक्कीच्या फिरणाऱ्या पात्यावर बिंदू ठेवू नका, हेही सांगावं लागतं. ती पाती स्वतःच फिरतात, डोंगराबरोबर नव्हे. कॅमेरा वळत किंवा जवळ जात असेल तर एका बिंदूने भागत नाही, दोन घ्या.

आणखी एक. झपाट्याने पॅन होणाऱ्या शॉटमध्ये प्लेट पुसट होते आणि पॅच चरचरीत राहतो, तेव्हा पॅच घसरतोय असा भास होतो. ट्रान्सफॉर्ममध्ये मोशनब्लर चालू करा. कॅमेऱ्याचं शटर १८० अंशांचं असेल तर नोडमधलं शटर ०.५ बसतं. गोठवण्यासाठी फ्रेमही सगळ्यात कमी हललेलीच निवडायची.

खदखद

ही हाताच्या कामातून येते. प्रत्येक फ्रेमवर वेगळा क्लोन केला की प्रत्येक फ्रेमचं आकाश किंचित वेगळं पडतं. एकेक फ्रेम थांबवून बघितली तर निर्दोष, चालवली की उकळी. म्हणून मी मुलांना पेंट थांबलेल्या फ्रेमवर पास करूच देत नाही. आकाश, भिंत, दगड, डोंगर अशा गोष्टींना वर सांगितलेला गोठवलेला पॅचच लावा.

पाण्याला मात्र तो चालत नाही. मेणवलीच्या घाटावर तार पुसणं सोपं, पण तिचं प्रतिबिंब कृष्णेच्या पाण्यात पडलेलं असतं आणि पाणी वाहतं असतं. गोठवलेला पॅच लावला तर नदीत काच बसवल्यासारखं दिसतं. कॅमेरा तिपाईवर स्थिर असेल तर सोर्सचा टाइम ऑफसेट रिलेटिव्ह ठेवून शेजारच्या स्वच्छ पाण्यातून, काही फ्रेम पुढचं पाणी उचला आणि स्ट्रोक सगळ्या फ्रेमचा करा. मग प्रत्येक फ्रेमला वाहतं पाणीच येतं. काही फ्रेम पुढचं अशासाठी घ्यायचं की शेजारची लाट आणि तिची नक्कल एकाच क्षणी एकसारखी हलताना दिसू नये. प्रतिबिंबातली पायऱ्यांची रेघ तुटत नाही ना ते बघा. बघणाऱ्याची नजर तिथे लगेच अडते. शॉटच्या शेवटी ऑफसेटएवढ्या फ्रेम कमी पडतात. तिथे उलट्या दिशेचा ऑफसेट घेऊन दुसरा स्ट्रोक लावा आणि दोन्हींची आयुष्यं त्याप्रमाणे कापा.

डोळा तिथेच जातो

व्ह्यूअरवर बी दाबून नुसतं निळं चॅनेल बघा. ग्रेन, म्हणजे चित्रातली रवाळ खरखर, तिथे बहुतेक वेळा सगळ्यात ठळक असतो. आजूबाजूचा ग्रेन वळवळतोय आणि पॅचमधला गोठलाय, असं दिसलं की कारण सापडलं. योग्य वाट अशी: पेंटच्या आधी ग्रेन काढायचा, स्वच्छ चित्रावर पेंट करायचा आणि शेवटी त्याच प्लेटच्या मापाने पॅचवर ग्रेन परत चढवायचा. मूळ प्लेटवर, जिथे पेंट नाही तिथे, ग्रेनला हातही लावू नका. ग्रेन काढलेली अख्खी प्लेट खाली सोडून देणं हा पेंटमधला मोठा अपराध आहे. काम परत येतं, आणि ते बरोबरच आहे.

मग व्ह्यूअरचे गेन आणि गॅमा वर-खाली ओढा. साध्या उजेडात न दिसणारी कड तेव्हा उघडी पडते. पुढे रंगकाम करणारा माणूस चित्र तेवढं ताणणारच आहे. ही तपासणी फुकट आहे, तरी फार थोडे लोक करतात.

पहाटेचा शॉट असेल तर उजेडाचाही विचार करा. अजिंक्यताऱ्यावरचा मनोरा पुसायला पहिल्या फ्रेमचं आकाश गोठवलं, तर शॉटच्या शेवटी खरं आकाश उजळलेलं असतं आणि पॅच अजून अंधारातच. एक पॅच सुरुवातीच्या फ्रेमचा आणि एक शेवटचा करा आणि शॉटभर एकातून दुसऱ्यात सावकाश जा. उजेड सारखा वर-खाली होत असेल तर कर्व्हटूलने आकाशाच्या त्याच भागाची सरासरी काढून ग्रेडला (उजेड कमी-जास्त करणाऱ्या नोडला) जोडा.

कडेला उजळ किंवा काळी रेघ दिसत असेल तर तो अल्फाचा, म्हणजे चित्राचा कुठला भाग दिसावा हे ठरवणाऱ्या चॅनेलचा, प्रश्न आहे. मर्जच्या (एकावर एक चित्र ठेवणाऱ्या नोडच्या) ओव्हरला प्रीमल्ट केलेला, म्हणजे रंग अल्फाने गुणलेला, पॅच लागतो. रोटोने अल्फा दिल्यावर प्रीमल्ट एकदाच, ट्रान्सफॉर्मच्या आधी. शून्य वेळा झाला तर कड उजळते, दोनदा झाला तर काळवंडते. व्ह्यूअरवर ए दाबून अल्फा बघितला की कळतं.

मशीन रडायला लागलं तर

एकाच रोटोपेंटमध्ये शेकडो स्ट्रोक साठले की सगळं मंदावतं. तारेला वेगळा नोड, पवनचक्क्यांना वेगळा, धुळीला वेगळा. पास झालेला भाग १६ बिटच्या ईएक्सआरमध्ये रेंडर करून घ्या आणि पुढे तोच वाचा. जुने नोड उडवू नका, बाजूला ठेवा.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

कॅमेरा चालत पुढे जातोय, आणि पुसायची वस्तू वाड्याच्या खांबांमागून जातेय. दोन बिंदूंचा ट्रॅक केला, कॉर्नरपिन (चार कोपरे ओढून बसवणं) केला, तरी पॅच बसत नाही. तिसरा प्रयत्न करू नका. इथे कॅमेऱ्याचा थ्रीडी ट्रॅक आणि प्रोजेक्शन लागतं, ते मॅचमूव्ह करणाऱ्याचं काम आहे. तो अर्ध्या दिवसात देईल ते तुम्हाला आठवडाभर पेंट करून मिळणार नाही.

तार कलाकाराच्या चेहऱ्यावरून किंवा मोकळ्या केसांवरून जात असेल तर सुपरवायझरला विचारल्याशिवाय स्ट्रोकही ओढू नका. चेहऱ्यावर क्लोन केला की हावभाव बदलतो, आणि तो बदलायचा अधिकार आपल्याला नाही.

स्क्रिप्ट उघडताना दर वेळी त्याच नोडवर सॉफ्टवेअर बंद पडत असेल तर मूळ फाइल आणि ऑटोसेव्ह दोन्हींच्या प्रती काढा आणि पाइपलाइन सांभाळणाऱ्याला द्या. न्यूकची फाइल साध्या मजकुराची असते म्हणून ती उघडून ओळी खोडण्याचा मोह होतो. एक कंस चुकला तर उरलेलं कामही जातं. पडद्यावर चौकोन, पट्टे उमटत असतील आणि ते दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही दिसत असतील, तर पेंट विसरा आणि ग्राफिक्स कार्डासाठी हार्डवेअरवाल्याला बोलवा.

बोलवताना नुसतं "पेंट जातोय" असं कळवू नका. शॉटचं नाव, कुठल्या फ्रेमपासून कुठपर्यंत दोष दिसतो, फ्रेमहोल्डचा आकडा, ट्रॅकरच्या रेफरन्सचा आकडा, यादीतल्या आयुष्याच्या रकान्याचा फोटो आणि काय काय तपासून झालं, एवढं पाठवा. आमच्या मुलांपैकी निम्म्यांना हे लिहितानाच दोन आकड्यांतला फरक दिसतो, आणि निरोप पाठवायच्या आधीच तार पुसली जाते.